तळघरातल्या मोरीची गोष्ट

प्रश्न चांगला आहे ईरा, पण तो तू मला विचारलास म्हणजे आता सुटका नाही. वर दोन बाथरूम आहेत, मग खाली तळघरात आणखी एक पाइप जोडला की झालं, त्यासाठी फरशी कशाला फोडायची, असंच ना? नीललाही हाक मार. आणि माझ्या बॅगेतला पितळी पेला काढून आण. तो लागेल मधे.

आधी मला सांगा, या घराला तळघर आहेच कशाला? आपल्या पुण्याच्या घराला नाही, कोकणातल्या घराला तर नाहीच. तिथे जोतं बांधायचं आणि त्यावर घर उभं करायचं. इथे शिकागोच्या परिसरात हिवाळ्यात जमीन वरून खाली गोठत जाते. बांधकामाचे नियम ही गोठण 42 इंच, म्हणजे साडेतीन फूट खोल धरतात. पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं. तेवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं, पण गोठणारी माती खालच्या ओल्या मातीतलं पाणी वर ओढत राहते आणि बर्फाचे थर चढत जातात. त्यावर पाया असला तर ते सरळ पाया उचलतात. वसंतात बर्फ वितळला की पाया परत खाली बसतो, तोही सगळीकडे सारखा नाही. मग भिंतींना तडे. म्हणून पाया त्या गोठणीच्या खाली न्यायचा. आणि एवढं खणायचंच आहे, तर अजून चार फूट खणून एक खोली का पाडू नये, असा हिशेब इथल्या लोकांनी केला. तुमची कॅरमची खोली त्या हिशेबातून आली.

आता आजीचे गुडघे म्हणतात की रात्री जिना नको. म्हणून खाली झोपायचं, आणि म्हणून खाली बाथरूम हवं.

नळाचं पाणी खाली आणणं सोपं आहे. ते दाबाखाली असतं; वर न्या, खाली न्या, कोपऱ्यातून वळवा, ते येतं. पंचाईत असते वापरून झालेल्या पाण्याची. त्याच्या पाठीशी दाबबिब कुणी नाही. त्याला फक्त पृथ्वी ओढते. त्यामुळे त्याला सतत थोडी उतरण द्यावी लागते. आपले गवंडी त्याला ढाळ म्हणतात. इथल्या घरातल्या तीन इंची पाइपला साधारण दर फुटाला पाव इंच ढाळ देतात. ऐकताना किरकोळ वाटतं. पण बारा फूट गेलं की तीन इंच खाली, आणि गल्लीभर गेलं की माणूस बुडेल एवढं खाली. मी मुंबईत मलनिःसारणाच्या कामात आयुष्य काढलं, तिथे हेच रोज बघायचो. गटार शहराच्या एका टोकाहून निघतं आणि ढाळ सांभाळत सांभाळत इतकं खोल जातं, की शेवटी त्याला पंपाने वर उचलण्यावाचून गत्यंतर नसतं. वरळीचं लव्हग्रोव्ह पंपिंग स्टेशन दुसरं काय करतं?

नील, तू शाळेत शिकागोचा इतिहास शिकतोस ना? मग हे ऐक. हिमयुगाच्या अखेरीस इथे एक प्रचंड सरोवर होतं. हिमनदी वितळून मागे सरकली, पाणी ओसरलं, आणि त्याचा तळ उघडा पडला. त्या तळावर शिकागो वसलं. आजचं मिशिगन सरोवर हा त्या पाण्याचा उरलेला वारसा. सरोवराचा तळ म्हणजे काय? परातीसारखा सपाट, आणि खाली चिकणमाती, पाणी न शोषणारी. शहर सरोवराच्या पाण्यापेक्षा जेमतेम काही फूट उंच. पाऊस पडला की रस्त्यात चिखल, चिखलात घाण आणि घाणीतून रोग. 1854 मध्ये पटकीची मोठी साथ आली. दुसऱ्या वर्षी शहराने बोस्टनहून एलिस चेसब्रो नावाच्या इंजिनियरला बोलावलं. त्याने पाहिलं की जमिनीखाली गटार टाकावं तर ढाळ मिळत नाही. नदीपर्यंत पोचायच्या आत गटार नदीच्या खाली जातं. तेव्हा त्याने काय सुचवलं असेल?

"पंप," नील म्हणाला.

नाही. त्याने गटारं जमिनीवर टाकायला लावली, त्यावर भर घालून रस्ते उंच करायला लावले, आणि मग घरंही उंच करा म्हणून सांगितलं! लोकांनी केलीही. 1860 मध्ये लेक स्ट्रीटवरची 320 फूट लांबीची दगड-विटांची इमारतींची अख्खी रांग सहा हजार स्क्रू-जॅक लावून, सहाशे माणसांनी पाच दिवसांत 4 फूट 8 इंच उचलली. आतली दुकानं चालू होती. ते काम घेणाऱ्यांत जॉर्ज पुलमन होता, तोच पुढे आगगाडीच्या झोपायच्या डब्यांसाठी नाव काढणारा. शिकागोच्या पिल्सन भागात आजही काही घरांचं अंगण रस्त्यापेक्षा हातभर खाली दिसतं. ती घरं उचलायची राहून गेली. एवढं करूनही घाण जायची ती सरोवरातच, आणि प्यायचं पाणीही सरोवरातूनच. मग 1900 साली कालवा खणून नदीच उलटी वाहवली, सरोवराकडून आत. ही माणसं पाण्याच्या ढाळासाठी काय वाट्टेल ते करतात, हे लक्षात ठेवा.

आपलं घर मात्र बाबा उचलणार नाही. इतका पगार नाही त्याला.

आता वर बघ, तळघराच्या छताखाली. तो जाड पाइप दिसतो ना, टांगलेला? वरच्या दोन्ही बाथरूमचं आणि स्वयंपाकघराचं पाणी त्यात येतं आणि तो समोरच्या भिंतीतून, तुझ्या डोक्याच्याही वरून, बाहेर जातो. इथल्या बऱ्याच उपनगरांत असं करतात, आणि त्याला कारण आहे. जुन्या भागांत पावसाचं पाणी आणि मैलापाणी एकाच गटारात जातं. जोराचा पाऊस आला की गटार तुडुंब भरतं, आणि ज्याच्या घराची वाट सगळ्यांत खाली, त्याच्या तळघरात ते उलटं शिरतं. 1975 पासून शिकागोने त्यासाठी जमिनीखाली बोगदे खणायला घेतले, काही ठिकाणी 300 फूट खोल. 2006 पर्यंत 109 मैलांचे बोगदे झाले. तरी घराचा पाइप उंचावरून बाहेर काढलेला बरा, असं शहाणे लोक म्हणतात. गटाराला तेवढं चढून येणं जड जातं.

पण आजीची मोरी या पाइपच्या सात फूट खाली असणार. पाणी तिथून स्वतःहून वर जाईल? बरोबर, नाही जाणार. म्हणजे ते खाली एका जागी गोळा करायचं आणि मग उचलायचं. यासाठी फरशी फोडायची.

काल प्लंबरकाकांनी ती करवत लावली तेव्हा तुम्ही कान झाकून उभे होतात. पातं फिरतं तसं त्यावर पाणी पडत राहतं, नाहीतर घरभर सिमेंटची पूड. म्हणून तो राखाडी चिखल झाला आणि आजीच्या चपला वाया गेल्या. काँक्रीट फक्त चार इंच जाड निघालं, बघितलंस? तुला वाटलं होतं घर त्यावर उभं आहे. घर कडेच्या भिंतींवर आणि त्यांच्या पायावर उभं असतं, मधली फरशी नुसती अंथरलेली. म्हणून मधे चर खणला तरी चालतो, फक्त भिंतीला आणि खांबाच्या पायाला हात लावायचा नाही. काँक्रीटखाली खडी, खडीखाली ती निळसर राखाडी चिकणमाती. बोटांनी मळून बघ. हिमनदीने आणून टाकलेली. तीच ती, शिकागोची जुनी डोकेदुखी.

कोपऱ्यातला तो खड्डा, त्यात अडीच फूट खोल प्लास्टिकचं पिंप बसवलं आहे. कमोडचा, शॉवरचा, बेसिनचा असे सगळे पाइप चरातून ढाळ घेत त्यात येतील. पलीकडच्या कोपऱ्यात दुसरा जुना खड्डा आहे, त्यात पावसाचं, पायाशी झिरपणारं पाणी येतं. दोन्ही खड्डे दिसायला एकसारखे, पण एकाचं पाणी दुसऱ्यात कधी सोडायचं नाही. तो पावसाच्या पाण्याचा पंप ते अंगणात फेकतो. तिथे मैला गेला तर शेजारी आपल्याला कॅरमला बोलावणार नाहीत.

फरशी न फोडताही करता येतं, म्हणा. 1958 मध्ये फ्रान्समध्ये कमोडच्या मागे बसवायचं यंत्र निघालं, ते मैला बारीक दळून बारीक पाइपमधून वर ढकलतं. छोट्या घराला बरं आहे. पण आजीला मागे काहीतरी घरघरतंय हे नको, आणि मलाही जमिनीतलं काम जास्त आवडतं.

आता खरी गंमत. ही गोष्ट इथपर्यंत पाण्याची होती, इथून पुढे हवेची. प्लंबर पाण्यापेक्षा हवेकडे जास्त लक्ष देतो, आणि लोकांना ते कळतच नाही.

बेसिनखाली पाइप असा वळलेला का असतो? सरळ टाकला असता तर? पिंपात, गटारात मैला कुजतो, त्यातून वायू निघतात. सडक्या अंड्यांचा वास येतो तो हायड्रोजन सल्फाइडचा, आणि तो नुसता घाणेरडा नाही, विषारीही आहे. पाणी खाली जायला जी वाट, तीच वायूला वर यायला. मग दार असं हवं की पाणी जाईल पण हवा येणार नाही. अलेक्झांडर कमिंग नावाचा एक स्कॉटिश घड्याळजी लंडनमध्ये होता. 1775 मध्ये त्याने संडासाच्या पाइपला वळण दिलं आणि त्याचं पेटंट घेतलं. वळणात थोडं पाणी कायम साचून राहतं, तेच दार. ना बिजागरी, ना रबर, ना झिजायला काही. आपल्याकडे मोरीत न्हाणी ट्रॅप बसवतात तो याच घराण्यातला.

हे पाणी किती? वळणात दोन ते चार इंच उभं. आता माझी लेव्हलची नळी घे, गवंडी वापरतात ती पारदर्शक. तिला इंग्रजी यू सारखी धर, नील, आणि ईरा, हळदीचं पाणी ओत. दोन्ही बाजूंना पाणी सारख्या उंचीवर आलं? आता नील, एका टोकाने जरा ओढ. जरासंच! गेलं ना तोंडात? थुंक, बेसिनमध्ये. एवढ्याशा ओढीने दार उघडलं.

का, तर आपण सगळे हवेच्या तळाशी राहतो आणि ती हवा सगळ्या बाजूंनी दाबत असते. गॅलिलिओने 1638 च्या पुस्तकात एका पंपाची हकिगत लिहिली आहे, काही केल्या तो पाणी एका ठरावीक उंचीपलीकडे ओढेना. ती उंची दहा मीटरच्या आसपास. पुढे त्याच्यापाशी काम केलेल्या तोरिचेल्लीने उलगडा केला, की पंप पाणी ओढतच नाही, बाहेरची हवा ते आत दाबून चढवते, आणि तिचं बळ दहा मीटर पाण्याच्या वजनाइतकंच आहे. आता त्रैराशिक मांडा. हवेचं बळ दहा मीटर पाण्याचं. ट्रॅपमधलं पाणी दोन इंच, म्हणजे पाच सेंटिमीटर. दोनशेवा भाग! पाइपमधला हवेचा दाब अर्धा टक्का जरी खाली-वर झाला तरी ते पाणी निसटायला लागतं. इथले नियम त्याहून कडक, एक इंच पाण्यापेक्षा जास्त फरक ट्रॅपवर येता कामा नये.

आणि तो फरक येतो कुठून? कमोडचं पाणी धाडकन पाइपमधून जातं तेव्हा ते पुढची हवा ढकलतं आणि मागे पोकळी सोडतं. ती पोकळी भरायला हवा कुठून तरी येणारच. सगळ्यांत जवळचा रस्ता बेसिनचा ट्रॅप. हवा तिथून घुसते, जाताना ट्रॅपमधलं पाणी घेऊन जाते, आणि दुसऱ्या दिवशी सगळे एकमेकांना विचारतात की वास कसला येतोय. त्यावर उपाय म्हणजे हवेला स्वतःचा रस्ता द्यायचा. चरातून एक पाइप वर निघेल, भिंतीतून चढत थेट छपराबाहेर जाईल. त्यातून पाणी कधीच वाहणार नाही, नुसती हवा ये-जा करणार. पिंपाचं झाकण हवाबंद, पण पिंपालाही असाच पाइप हवा. आत पाणी आलं की तेवढी हवा बाहेर गेली पाहिजे, पंपाने पाणी फेकलं की तेवढी आत आली पाहिजे. कडाक्याच्या थंडीत या पाइपच्या छपरावरच्या तोंडाशी आतली वाफ गोठते आणि तोंड आवळत जातं, म्हणून थंड मुलखात तिथे पाइप मुद्दाम जाड ठेवतात. बाबाला या कामात सगळ्यांत जास्त खर्च कशाचा आला विचार. भिंत उघडून हा रिकामा पाइप वर न्यायचा.

आण आता तो पेला.

यात वसुदेव उभा आहे, डोक्यावर टोपलीत बाळकृष्ण. यमुना पार करताना पाणी चढत गेलं आणि कृष्णाच्या पावलाला लागताच ओसरलं, ती गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. ओत पाणी, हळू नको, भराभर. चढलं, चढलं, गुडघे, कंबर, खांदा... पाऊल! बघ कसं खालून वाहून चाललं, आणि थेंब न थेंब जाईपर्यंत थांबणार नाही. चमत्कार नाही हा. वसुदेवाच्या पोटात एक वाकडी नळी दडवली आहे. तिचं एक टोक पेल्याच्या तळाशी, वळण कृष्णाच्या पावलापाशी आणि दुसरं टोक बुडाखाली बाहेर. पाणी वळणाच्या वर गेलं की नळी भरते. बाहेरच्या लांब बाजूचं पाणी जड, ते खाली उतरायला लागतं, आणि हवेच्या दाबाने मागचं पाणी वळणावरून चढत त्याच्या मागे येतं. याला सायफन म्हणतात. कमोडमध्ये नेमकं हेच आहे. मागच्या बाजूला चिनीमातीत वळण दडलेलं असतं. फ्लशचं सहा लिटर पाणी एकदम आलं की ते वळण भरून टाकतं, सायफन सुरू होतो आणि सगळं ओढून नेतो. शेवटी घर्रर्र होतं ना? तेव्हा हवा आत घुसून सायफन तुटतो. मग थोडं पाणी तळाशी उरतं आणि दार परत बंद. तांब्याने हळूहळू पाणी ओतत राहिलात तर ते नुसतं वळणावरून ओघळत जाईल, सायफन लागणार नाही. वरच्या बाथरूममध्ये करून बघा.

"अहो, देवाला कुठे नेऊन बसवताय!" आजी जिन्यातून ओरडली.

जाऊ दे. कृष्णाने कालियाचा डोह साफ केला होता, त्याला याचं वावडं नसावं.

उरला पंप. तो पिंपाच्या तळाशी, पाण्यात बुडालेला. तो ओढत नाही, खालून ढकलतो, म्हणून दहा मीटरची ती अट त्याला लागू नाही. अर्धा हॉर्सपॉवर, आणि दोन इंचांपर्यंतचा ऐवज गिळून पुढे लोटणारा. त्याला एक तरंगता गोळा बांधलेला असतो. पाणी चढलं की गोळा वर येतो आणि बटण दाबलं जातं. पाणी उतरलं की गोळा खाली, पंप बंद. प्रत्येक फ्लशला तो चालत नाही, चार-पाच फ्लशांचं, समजा 30 लिटर पाणी साचलं की मग. तेवढं पाणी तीन मीटर चढवायला किती कष्ट? 30 गुणिले 9.8 गुणिले 3, म्हणजे 882 ज्यूल. साठ वॅटचा दिवा तेवढी वीज पंधरा सेकंदांत खातो. घर्षणात वगैरे बरंच वाया जातं हे धरूनही, हे काम स्वस्त आहे. वर चढलेलं पाणी पंप थांबला की परत खाली घसरू नये म्हणून पाइपमध्ये एकाच बाजूने उघडणारी झडप असते. रात्री धप्प असा आवाज आला तर भिऊ नका, ती झडप मिटली.

उद्या चर बुजवायच्या आधी प्लंबरकाका सगळे पाइप पाण्याने भरून ठेवतील आणि नगरपालिकेचा निरीक्षक येऊन बघेल कुठे गळतंय का. त्याने होकार दिल्याशिवाय काँक्रीट घालायचं नाही. आणि आम्ही भारतात गेलो की तुम्ही दोघांनी एक काम करायचं. खालचं बाथरूम महिनोन्महिने कुणी वापरणार नाही, मग ट्रॅपमधलं पाणी सुकून जातं आणि दार उघडं पडतं. पंधरवड्याला एकदा शॉवरच्या जाळीत तांब्याभर पाणी ओतायचं, बेसिनचा नळ सोडायचा आणि कमोड एकदा फ्लश करायचा. दर रविवारी कॅरम खेळायला खाली येताच, तेव्हाच उरकून टाका.

"आबा, आणि वीज गेली तर?" ईराने विचारलं.

हा खरा प्रश्न. इथे वीज जाते ती बहुधा वादळात, म्हणजे नेमकी पाऊस कोसळत असताना. पंप बंद, पिंपात जागा जेमतेम दोन-चार फ्लशांची. मोठ्या वादळात पावसाच्या पाण्याचा तो दुसरा पंपही बंद पडतो, म्हणून त्याला बॅटरी लावायला बाबाला सांगितलं आहे. मैल्याच्या पंपाला बॅटरी लावण्याइतकी गरज मला वाटत नाही. तेवढा वेळ आजीला हाताला धरून वर न्यायचं. वरच्या बाथरूमचा पाइप छताखालून आपल्या ढाळाने जातो, त्याला विजेशी काही देणंघेणं नाही.